मोल, कौतुक आणि कृपा : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मपर लेखनातील एक आशयसूत्र

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्या मराठी भाषकांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, त्यांच्या आत्मपर लेखनाकडे मराठी समीक्षेने बहुधा तीन अंगांनी पाहिले आहे. धर्मांतर हे वैचारिक शोधाचे फलित, हे एक अंग. ते रूढिग्रस्त समाजाविरुद्धचे बंड, हे दुसरे. आणि ते परकीय सत्तेच्या छायेत घडलेले स्थित्यंतर, हे तिसरे. ह्या तिन्ही अंगांना आधार आहे. बाबा पदमनजी यांच्या 'अरुणोदय'मध्ये वाचन, वादविवाद आणि शंकानिरसन यांचा जो दीर्घ प्रवास येतो, त्याला पहिली चौकट चांगलीच लागू पडते. परंतु ह्या तिन्ही चौकटींतून एक साधा, जवळजवळ घरगुती म्हणावा असा अनुभव निसटतो. आपण कोणाला तरी हवे आहोत, आपल्याला काही मोल आहे आणि हे मोल आपल्या गुणांवर, कुळावर वा उपयुक्ततेवर अवलंबून नाही, अशी जाणीव श्रद्धेतून प्राप्त होणे, हा तो अनुभव होय. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या लेखनात तो ज्या रीतीने व्यक्त झाला आहे, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभीच शब्दांचा थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत एखाद्या व्यक्तीची किंमत ओळखण्याच्या क्रियेला अनेक शब्द आहेत आणि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. 'कौतुक' बहुधा वरून खाली जाते; थोरांनी लहानांचे कौतुक करावे, नव्या नवरीचे चार दिवस कौतुक व्हावे आणि मग ते ओसरावे. 'कदर' गुणांची होते. गुण दिसले नाहीत तर कदर होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 'मान' पुष्कळदा नात्याला आणि पदाला मिळतो. जावयाला तो जावई म्हणून मिळतो, माणूस म्हणून नव्हे. 'मोल' हा शब्द तर दुधारी आहे. 'अनमोल' ह्या विशेषणात तो परम मूल्य सुचवितो. पण 'मोलमजुरी' आणि 'मोलकरीण' ह्या शब्दांत तोच शब्द माणसाचे श्रम विकत घेतले जात असल्याचे सांगतो. पौलाच्या पत्रांत श्रद्धावान मनुष्य हा किंमत देऊन विकत घेतलेला आहे, अशी कल्पना येते. ही कल्पना मराठीत उतरली तेव्हा ती ऐकणाऱ्या स्त्रीला मोलाने घेतले जाण्याचा दुसरा अर्थ आधीच ठाऊक होता, हे विसरून चालणार नाही.

ह्या शब्दांच्या पलीकडे 'कृपा' हा शब्द आहे आणि तो ख्रिस्ती मंडळीने वारकरी परंपरेकडून, किंबहुना एकूण भक्तिपरंपरेकडून, जवळजवळ जसाच्या तसा घेतला. कृपेला पात्रतेची अट नसते. नामदेवाच्या घरच्या दासीबरोबर, म्हणजे जनाबाईबरोबर, विठ्ठल दळू-कांडू लागतो, ही परंपरेने जपलेली कथा त्याच अर्थाची आहे. मग जी जाणीव परंपरेत उपलब्धच होती, तिच्यासाठी धर्म बदलण्याची गरज रमाबाईंना वा लक्ष्मीबाईंना का भासावी, असा प्रश्न कोणीही विचारील. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर ह्या दोन लेखिकांच्या बाबतीत एकच नाही.

रमाबाईंचे उदाहरण प्रथम घेणे इष्ट, कारण गुणांची कदर आणि स्वीकार यांतील अंतर त्यांच्या आयुष्यात फार ठळकपणे दिसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यासाठी शास्त्री-पंडितांपुढे आपली बाजू मांडली. पुढे रमाबाईंना आईनेच संस्कृतचे पाठ दिले. पुराणकथन करीत तीर्थयात्रा करणाऱ्या ह्या कुटुंबावर दुष्काळाचा घाला आला. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी भ्रमंती करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे वीस वर्षांच्या ह्या मुलीची विद्वत्ता पाहून पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. गुणग्रहणाचा याहून मोठा प्रसंग त्या काळच्या कोणा हिंदू स्त्रीच्या वाट्याला आला असेल असे वाटत नाही.

पण १९०७ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी 'साक्षी'त रमाबाई ह्या गौरवानंतर लगेच जे सांगतात ते लक्षणीय आहे. स्त्रियांपुढे शास्त्राधारे व्याख्याने द्यावीत, अशी विनंती त्यांना करण्यात आली, म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचावयास घेतले. पुष्कळ बाबतींत हे ग्रंथ परस्परविरोधी होते; परंतु दोन गोष्टींवर त्यांचे, पुराणांचे आणि तत्कालीन उच्चवर्णीय पुरुषांचे एकमत असल्याचे त्यांना आढळले. एक, स्त्रीजात स्वभावतः दुष्ट व अपवित्र आहे. आणि दोन, पुरुषाप्रमाणे तिला मोक्षाचा अधिकार नाही. म्हणजे ज्या ग्रंथांच्या ज्ञानाबद्दल रमाबाईंचा सन्मान झाला, तेच ग्रंथ त्यांच्या जातीला हीन ठरवीत होते. सन्मान झाला तो अपवादाचा. अपवाद म्हणून गौरविली गेलेली स्त्री नियमाने निंदिलेलीच राहते, ही कोंडी रमाबाईंना फार लवकर कळली. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिला, तेव्हाही ही कोंडी सुटली नाही.

पुढील घटनाक्रम सुपरिचित आहे. भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि 'स्त्रीधर्मनीति'चे प्रकाशन, १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण. येथे ज्या प्रसंगाकडे लक्ष वेधावयाचे तो लंडनच्या फुलहॅम भागातील आहे. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने राहत असताना रमाबाईंना तेथील सेवाकार्य दाखविण्यात आले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ते घर होते. ज्या स्त्रिया एकदा तेथे आश्रयाला आल्या होत्या, त्यांतील काही आता रुग्णांची आणि दुबळ्यांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना पुन्हा माणसांत आणता येते, एवढेच नव्हे तर आणावयास हवे, ही कल्पनाच आपल्याला नवी होती, असे रमाबाई सांगतात. त्यांनी तेथील एका भगिनीला विचारले की, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. परक्या, तुच्छ मानलेल्या समाजातील, पाच नवरे झालेल्या त्या स्त्रीशी येशू विहिरीपाशी बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो आणि उपासनेचे गूढ तिच्यापुढे उलगडतो.

ह्या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी कृती दिसली, मग 'का?' हा प्रश्न उद्भवला आणि त्यानंतर कथा आली. रमाबाईंनी शुभवर्तमान त्यापूर्वी वाचलेले होते. आसामात असताना पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांना सापडली होती, पुण्यात नव्या कराराचे पाठही झाले होते आणि नीळकंठशास्त्री गोरे यांच्या युक्तिवादाचाही प्रभाव त्यांच्यावर होता. परंतु ग्रंथाने जे केले नाही ते एका घराने केले. जनाबाईच्या कथेविषयी वर जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे रमाबाईंपुरते उत्तर येथे मिळते. भक्तिपरंपरेत दासीचे मोल देवाला ठाऊक होते. ते ओळखून तिला निवारा देणारे घर मात्र रमाबाईंच्या पाहण्यात आले नव्हते. उलट, विधवांनी भरलेली तीर्थक्षेत्रे त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. पुढे केडगाव येथील मुक्तिसदनाच्या परिसरात अशाच स्त्रियांसाठी त्यांनी जे स्वतंत्र घर काढले, त्याला त्यांनी 'कृपासदन' हे नाव दिले. ह्या नामकरणात फुलहॅमची आठवण आहे असे म्हणण्यास हरकत नसावी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. मात्र ज्यांनी त्यांना धर्म दिला, त्यांच्याकडून त्यांची कदर झाली काय, ह्या प्रश्नाचे उत्तर गुंतागुंतीचे आहे. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाने ग्रंथरूपात उपलब्ध झाला. त्यातून दिसते ते असे की, त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंनी विचारलेले प्रश्न भगिनीसंघाला अहंकाराचे लक्षण वाटले. त्यांनी इंग्रज मुलांना शिकवू नये असे भारतातील बिशपांनी सुचविले, तेव्हा रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही हाती सोपविण्यास स्पष्ट नकार दिला. ज्या संस्थेने कृपेची ओळख करून दिली, तिनेच आज्ञाधारकतेची अट घातली. इकडे पुण्यात १८९३ मध्ये शारदा सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, ह्या कारणावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. हिंदू सुधारकांना त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि भगिनीसंघाला पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत. माणसांकडून मिळणारी कदर दोन्हीकडून आटलेली असतानाच्या ह्या काळातच, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांच्या लक्षात आले. स्वतःच्या प्रयत्नाने पात्र होण्याची धडपड सोडून बिनशर्त स्वीकार मान्य करणे, असे ह्या दुसऱ्या अनुभवाचे स्वरूप 'साक्षी'त रेखाटलेले आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. 'साक्ष' हा ख्रिस्ती मंडळीतील एक रूढ वाङ्मयप्रकार आहे. आधीचा अंधार, मधला प्रकाश आणि नंतरची शांती असा त्याचा साचा ठरलेला असतो. रमाबाईंची 'साक्ष' इंग्रजीत आहे. तिचे वाचक पुष्कळ अंशी परदेशातील सहानुभूतिदार होते आणि बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनी ती लिहिली गेली. तरुणपणीच्या पत्रांतील रमाबाई अधिक तर्ककठोर, अधिक चिडणाऱ्या आणि कमी निश्चित आहेत. म्हणून 'साक्षी'तील प्रत्येक वळण जसेच्या तसे घडले असे गृहीत धरणे योग्य नव्हे. परंतु फुलहॅमच्या प्रसंगाचे महत्त्व ह्या आक्षेपाने कमी होत नाही. कारण त्या प्रसंगाची खूण त्यांच्या पुढील कार्यातच उमटलेली आहे.

किंबहुना ती त्यांच्या भाषेतही उमटलेली आहे. संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सिद्ध केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रकाशित झाले. संस्कृतवर असाधारण प्रभुत्व असलेल्या ह्या विदुषीने भाषांतरात मात्र संस्कृतप्रचुर परिभाषा कटाक्षाने टाळली. केडगावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना कळावी अशी मराठी त्यांना हवी होती. हे भाषांतर वाङ्मयीन दृष्ट्या कितपत यशस्वी ठरले याविषयी मतभेद संभवतात. पुष्कळ ठिकाणी शब्दनिष्ठेपायी वाक्य अवघडते, हे मान्य करावे लागेल. तरीही 'सरस्वती' ही पदवी मिळविलेल्या लेखिकेने ती ज्या भाषेमुळे मिळाली तिचा त्याग निरक्षर बायकांसाठी करावा, ह्या निवडीचा अर्थ लावल्याशिवाय त्या मराठीचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांकडे वळताना वातावरण पूर्णतः बदलते. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रकाशित झाली. मुळात हे लेखन टिळकांच्या चरित्राची सामग्री म्हणून सुरू झाले होते. येथे साक्षीचा साचा नाही. सिद्धांताची चर्चा तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकविताना विनोद, दांपत्यजीवन आणि बोलभाषेचे सौंदर्य यांवर भर दिला जातो आणि धर्मानुभव हा कथानकातील एक अपघात असल्यासारखा बाजूला राहतो. हे लेखिकेवर अन्याय करणारे आहे.

'स्मृतिचित्रां'चा आरंभ वडिलांच्या सोवळ्याने होतो, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विटाळाच्या भीतीचा विलक्षण पगडा बसला. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. धान्य तर धान्य, मीठदेखील. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. परंतु धुतलेल्या मिठाची ही प्रतिमा विनोदापुरती नाही. ज्या घरात वस्तू स्पर्शाने हीन होते, त्या घरात माणसाचे मोलही दुसऱ्याच्या स्पर्शावर ठरते. मोल तेथे कमवायचे नसते, राखायचे असते. आणि राखता राखता धुण्यातच विरघळून जाण्याचा धोका असतो.

रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्यातील फरक येथेच आहे. लक्ष्मीबाईंना तुच्छतेची जाणीव नव्हती असे नाही. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न, सासरचा जाच, टिळकांचा तापट आणि लहरी स्वभाव, न सांगता घर सोडून जाण्याची त्यांची सवय, दारिद्र्य, मुलांचे मृत्यू, हे सारे त्यांनी भोगले. पण जन्माने मिळालेले एक मोल त्यांच्यापाशी होते; ते ब्राह्मण्याचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पती तर दुरावलाच, पण हे उरलेले मोलही डळमळू लागले. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. विरहाच्या ह्याच काळात त्यांची कविता जन्मास आली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या ह्या स्त्रीला शब्दांचा आधार सापडला तो ह्या एकाकीपणात, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. कारण त्यांच्या प्रतिभेचे सारे श्रेय धर्मांतराला देण्याचा मोह ख्रिस्ती अभ्यासकांना होतो आणि ते वस्तुस्थितीला धरून नाही.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे नगरला आल्या, त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळेओवळे आणि स्वयंपाक वेगळा राहील अशी व्यवस्था होती. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. ज्याच्या रागाने घर हादरत असे तो पुरुष पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत वाट पाहतो, ही गोष्ट 'स्मृतिचित्रां'त फारसा गाजावाजा न करता आलेली आहे. टिळकांचा तापटपणा ख्रिस्ती होताच नाहीसा झाला, असा दावा लक्ष्मीबाई करीत नाहीत. प्रामाणिकपणाचा हा विशेष साक्षवाङ्मयात सहसा आढळत नाही. तरी ज्याला कोणी विचारण्याचे कारण नाही अशा बायकोच्या मनाचा निर्णय तिच्यापाशीच राहू द्यावा, ह्यात तिच्या मोलाची पहिली कबुली आहे. ती उपदेशातून आलेली नाही. ती स्वयंपाकघराच्या वाटणीतून आली आहे.

नगरच्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतील होती. लक्ष्मीबाईंना ख्रिस्तापर्यंत जाण्यापूर्वी ह्या शेजाऱ्यांपर्यंत जावे लागले. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात एकाएकी उभा राहतो आणि प्राणिमात्रांतील भेद जसे शरीरावर दिसतात तसा जातीचा भेद माणसाच्या देहावर दिसत नाही, ह्या सरळ विचाराने त्या निर्णयास येतात. हा निर्णय होताच त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास मोकळ्या होतात. धर्मांतर १९०० मध्ये झाले. पण 'स्मृतिचित्रां'च्या रचनेत खरा उत्कर्षबिंदू बाप्तिस्म्याचा नसून हा आहे. वडिलांच्या धुतलेल्या मिठापासून निघालेली कथा येथे येऊन पोहोचते.

मोलाच्या दृष्टीने पाहता ह्या प्रसंगाची दिशा रमाबाईंच्या उलट आहे. रमाबाईंना जे नाकारले गेले होते ते मिळाले. लक्ष्मीबाईंना जे मिळालेले होते ते टाकावे लागले आणि टाकल्यावरच दुसरे हाती आले. स्पर्शाने न घटणारे मोल कोणते असू शकते, ह्याची प्रचीती त्यांना शेजारणीचे मोल मान्य केल्याने आली. 'आपली कदर होते' ही भावना त्यांच्या लेखनात कधीच एकटी येत नाही. ती दुसऱ्याच्या कदरीला जोडूनच येते. प्लेगच्या दिवसांतील रुग्णशुश्रूषा, घरात आसऱ्याला आलेली पोरकी मुले, टिळकांच्या घरी राहून गेलेले बालकवी ठोंबरे आणि त्यांच्यावर लक्ष्मीबाईंनी केलेली माया, ही सारी ह्या जाणिवेची रूपे आहेत. 'मला कोणी ओळखले' हे सांगण्याऐवजी 'माझ्याकडे कोण कोण आले' हे त्या सांगतात.

जनाबाईविषयीच्या प्रश्नाचे लक्ष्मीबाईंपुरते उत्तरही ह्यातून मिळते. त्यांनी परंपरा सोडली असे म्हणणे अर्धसत्य आहे. टिळकांची भूमिका तर प्रसिद्धच आहे: तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. त्यांच्या भजनांत आणि 'अभंगांजली'त ख्रिस्त हा माउली होऊन येतो, गुरू होऊन येतो. न्यायाधीश म्हणून तो क्वचितच दिसतो. इंग्रजी चालीवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत मराठी ख्रिस्ती उपासक परक्याच्या घरी पाहुण्यासारखा अवघडून बसे. टिळकांच्या पदांनी त्याला त्याच्या भाषेत देवाशी बोलता आले. आपली भाषा देवाला चालते, ही जाणीव स्वतःच्या मोलाच्या जाणिवेहून वेगळी काढता येत नाही. मराठी उपासनेत टिळकांची पदे आजही गाइली जातात, त्याचे कारण केवळ काव्यगुण नव्हे.

मिशनशी असलेले नाते मात्र टिळकांच्या घरातही निष्कंटक नव्हते. परदेशी मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातील अंतर टिळकांना सलत होते. मंडळी परदेशी नियंत्रणाखाली राहते तोवर ती भारतीय होणार नाही, ह्या विचाराने त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' स्थापन करण्याचा प्रयत्न केला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. रमाबाईंच्या पत्रव्यवहाराप्रमाणेच येथेही कृपेचा संदेश आणि तो देणारी संस्था यांच्यात फट पडलेली दिसते. अशी फट दिसूनही दोघांनीही श्रद्धा सोडली नाही, संस्थेचे नियंत्रण मात्र झुगारले. संस्थेने केलेले कौतुक आणि देवाने मानलेले मोल यांतील भेद त्यांना अनुभवाने कळलेला होता.

ह्या सर्व विवेचनाला एक मोठी मर्यादा आहे. रमाबाई, लक्ष्मीबाई आणि टिळक हे तिघेही जन्माने ब्राह्मण. ज्यांना जन्मतःच मोल नाकारले गेले होते आणि ज्यांनी नगर परिसरात मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या दलित ख्रिस्ती स्त्रीपुरुषांची त्या काळातील आत्मकथने मुद्रित मराठी वाङ्मयात फारच थोडी आहेत. त्यांचे अनुभव बहुतांशी मिशनच्या अहवालांतून, म्हणजे दुसऱ्यांच्या शब्दांत, आपल्यापर्यंत येतात. आणि अहवालात माणसाचे रूपांतर फार लवकर आकड्यात होते. धर्मांतराने जात गेली नाही, हा अनुभवही त्यांच्याच वाट्याला प्रामुख्याने आला. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या घटनात्मक आदेशाने ख्रिस्ती दलितांना त्या सूचीबाहेर ठेवल्यामुळे प्रश्न आणखी जटिल झाला. 'स्मृतिचित्रां'तील नगरचे शेजारी लक्ष्मीबाईंच्या नजरेतून दिसतात; त्यांच्या नजरेतून लक्ष्मीबाई कशा दिसल्या असतील, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला ठाऊक नाही.

लक्ष्मीबाईंच्या शैलीविषयी एक मुद्दा राहतो. त्यांचा विनोद स्वतःवर असतो, हे सर्वांनीच म्हटले आहे. स्वतःच्या अज्ञानाच्या, फजितीच्या, वेडेपणाच्या कथा त्या ज्या निःसंकोचपणे सांगतात, तसे सांगणारे मराठी आत्मचरित्रकार विरळाच. ज्याला आपली प्रतिष्ठा सांभाळावयाची असते त्याला असे हसता येत नाही. समकालीन पुरुषांची आत्मचरित्रे यांच्याशेजारी ठेवून पाहिली म्हणजे स्वसमर्थनाचा सूर 'स्मृतिचित्रां'त किती अल्प आहे ते उमगते. टिळकांविषयीही त्या ह्याच मोकळेपणाने लिहितात. त्यांचे दोष सांगताना त्यांना भीती वाटत नाही आणि प्रेमही उणावत नाही. दोषांसह स्वीकार हा कृपेचा अर्थ असेल, तर तो ह्या पुस्तकात सिद्धांतरूपाने कोठेही आलेला नाही. तो निवेदनाच्या स्वरात आहे.

टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभिले होते. दहा-साडेदहा अध्याय झाल्यावर ते काम त्यांच्या मृत्यूने थांबले. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. नवऱ्याने गिरवायला दिलेल्या अक्षरांपासून तेथपर्यंतच्या प्रवासात त्यांना कोणी पंडित म्हटले नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा 'स्मृतिचित्रां'चा शेवटचा भाग अपुरा होता. तो पुरा करण्याचे काम त्यांचे पुत्र देवदत्त यांनी केले. 'ख्रिस्तायन' त्यानंतर १९३८ मध्ये प्रकाशित झाले.